दहा हजार पावलं, जावक क्रमांकासह

विद्यापीठांना बाकी काही देताना शासनाने कितीही हात आखडता घेतला असला, तरी जमीन देताना तो चांगला सैल सोडला होता. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा, पुण्याच्या विद्यापीठाचा ४११ एकरांचा. एवढ्या जागेत वड असतात, पिंपळ असतात, मोर असतात आणि सकाळी फिरायला येणारे आसपासच्या सोसायट्यांमधले निवृत्त बँक मॅनेजर असतात. पहाटे साडेपाचपासून ही मंडळी हात हलवत, देशाचं परराष्ट्र धोरण मोठ्याने ठरवत मुख्य इमारतीला फेऱ्या मारतात. आठ वाजता ती घरी जातात आणि मग सावकाश विद्यापीठाचे कर्मचारी येतात. ते गाडी शक्यतो कार्यालयाच्या दारात लावतात. दार जरा रुंद असतं तर आतही लावली असती. मुख्य इमारतीपासून कँटीन दोनशे पावलांवर असतं. तिथे जायला दोघं मिळून एक स्कूटर काढतात. थोडक्यात, विद्यापीठात चालायला येतात ते बाहेरचे लोक. आतले लोक बसायला येतात आणि त्याचा त्यांना वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतो.

अशा ठिकाणी एक दिवस आरोग्याचं परिपत्रक निघतं. आमच्याही विद्यापीठात निघालं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आस्थापना विभाग लेखी खुलासा मागवेल आणि तो द्यायला मला दोन मजले चढावे लागतील. परिपत्रकाचा विषय होता, ‘भ्रमणध्वनी उपयोजनाद्वारे कर्मचाऱ्यांचे आरोग्यसंवर्धन करणेबाबत’. मजकुराचा गोषवारा असा की सर्वांनी आपापल्या मोबाईलवर अमुक ॲप घ्यावं, त्यात आपला कर्मचारी कोड भरावा आणि रोज १०,००० पावलं चालावं. हे बंधनकारक नाही. तथापि जे चालणार नाहीत त्यांची यादी विभागप्रमुखांनी दर सोमवारी सादर करावी. खाली जावक क्रमांक, दिनांक आणि ‘मा. कुलगुरू महोदयांच्या मान्यतेने’.

हा वारा अर्थातच दिल्लीहून आला होता. २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ची चळवळ सुरू झाली, पुढे दोन वर्षांनी तिचं ॲप आलं. २०२१च्याच सप्टेंबरात केंद्राच्या कार्मिक विभागाने आपल्या कर्मचाऱ्यांना आयुष मंत्रालयाचं ‘वाय-ब्रेक’ नावाचं ॲप वापरायला सुचवलं: कामाच्या जागीच पाच मिनिटं योगासनं करा आणि ताजेतवाने होऊन पुन्हा कामाला लागा. आमच्या साहेबांना यातला शेवटचा भाग जरा महत्त्वाकांक्षी वाटला, पण बाकीचं पटलं. शिवाय मूळ चिंता खरीच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि आणखी साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर उभे आहेत. उभे म्हणजे बहुधा बसलेलेच.

परिपत्रक निघालं की विद्यापीठात अंमलबजावणी सुरू होत नाही, शंका सुरू होतात. पहिल्याच आठवड्यात आस्थापना विभागाकडे आलेल्या अर्जांची थप्पी मी डोळ्यांनी पाहिली आहे. अर्जित रजेवर असताना चाललेली पावलं हिशेबात धरणार का? कार्यालयीन कामासाठी चाललेल्या पावलांवर प्रवासभत्ता देय आहे का? शनिवार-रविवारची शिल्लक पावलं पुढच्या आठवड्यात वळती करता येतील का, आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक राहिली तर त्यांचं रोखीकरण होईल का? योगासनांची पाच मिनिटं जेवणाच्या सुट्टीला मागून जोडावीत की पुढून? प्राध्यापक संघटनेने विचारलं की या पावलांचे पदोन्नतीत गुण मिळणार का, आणि मिळणार असतील तर ते २०१०च्या नियमावलीप्रमाणे की नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे. शिक्षकेतर संघटनेने ठाम भूमिका घेतली की प्राध्यापक वर्गात तास घेताना फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालतात, ती पावलं त्यांच्या मूळ कामाचा भाग आहेत. त्यांना ती वेगळी मोजू देणं हा शिक्षकेतरांवर अन्याय आहे. प्राध्यापक संघटनेने उत्तर दिलं की आम्ही तास घेताना चालतो हा आरोप निराधार आहे.

सगळ्या शंकांचं निरसन करायला समिती नेमली. अध्यक्ष, पाच सदस्य, एक सदस्य-सचिव आणि आरोग्य हा विषय असल्यामुळे एक निमंत्रित डॉक्टर. समितीची पहिली सभा अडीच तास चालली. ‘पाऊल’ म्हणजे डावं की उजवं की दोन्ही मिळून एक, यावर एक तास गेला. बाकीचा वेळ खुर्च्यांना गाद्या हव्यात या विषयाने घेतला. निमंत्रित डॉक्टर पुढच्या सभेला आले नाहीत.

दहा हजारच का, हे मात्र समितीत कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मोठी गंमत बाहेर आली असती. हा आकडा कुठल्या वैद्यकीय परिषदेत ठरलेला नाही. १९६४ला टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाची हवा तयार झाली आणि १९६५मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं. यंत्राच्या नावातच दहा हजारांचा आकडा घातला, कारण तो गोल होता, लक्षात राहणारा होता आणि विकणारा होता. जाहिरातवाल्याने ठरवलेला आकडा साठेक वर्षांत जगभरच्या मनगटांवर जाऊन बसला आणि तिथून उतरून आमच्या परिपत्रकात आला. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या साडेसोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पावलं मोजून पाहिली. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण चांगलंच कमी निघालं. साधारण साडेसात हजारांच्या पुढे मात्र वाढीव पावलांचा वाढीव लाभ दिसेना. ही बातमी आमच्या पात्रता विभागात पोचली त्या दिवशी आनंदीआनंद झाला. एका झटक्यात अडीच हजार पावलांची सूट! एका भाऊसाहेबांनी तर अर्ज टंकायला घेतला की आजवर जास्तीची चाललेली पावलं फरकासह परत मिळावीत.

तरी ॲप सुरू झालं आणि त्याचे परिणाम दिसू लागले. तासभर बसलात की मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि सांगतं, ‘उठा!’ हे यंत्र ज्याने बनवलं त्याने विद्या परिषदेची सभा पाहिलेली नसावी. एका सभेत अभ्यासक्रम बदलाचा ठराव वाचला जात होता आणि सात-आठ घड्याळं एकदम थरथरली. सात-आठ ज्येष्ठ प्राध्यापक एकदम उभे राहिले. अध्यक्षांना वाटलं, उभं राहून अनुमोदन देत आहेत, ठराव संमत. तो ठराव नेमका कशाचा होता हे त्यांना इतिवृत्त आल्यावर कळलं. पुढच्या सभेत ते इतिवृत्त कायम करण्याचा विषय निघाला तेव्हा बरोबर तास भरला होता.

अधिसभेत तर चालण्याची एकच सर्वमान्य पद्धत आहे, ती म्हणजे सभात्याग. पूर्वी सभात्याग करणारे दारापर्यंत जाऊन चहा घेऊन परत यायचे. ॲप आल्यापासून त्याला आरोग्याचं अधिष्ठान मिळालं. एका सन्माननीय सदस्यांनी एकाच दिवशी तीनदा सभात्याग केला आणि दर वेळी इमारतीला पूर्ण वळसा घालून आले. तिसऱ्यांदा निषेध कशाचा होता ते त्यांना सांगता येईना. पण चारशे पावलं कमी पडत होती, हे मोबाईल दाखवून त्यांनी सिद्ध केलं.

योगाची पाच मिनिटं वित्त व लेखा विभागात सर्वांत मनापासून पाळली जातात. ताडासनात हात वर जातात तेव्हा टेबलावर कुणाचाच हात नसतो, हे दृश्य त्या विभागात दुर्मिळ असल्यामुळे लोक बघायला येतात. मग भ्रामरी. दहा-बारा जण डोळे मिटून, कानांत बोटं घालून गुंजारव करतात. बाहेर थकीत बिल घेऊन ताटकळणाऱ्या ठेकेदाराला वाटतं, आपल्या बिलावर आत काहीतरी विचार चालू आहे.

ॲपचा दुसरा भाग आहाराचा. रोज रात्री ते विचारतं, आज काय खाल्लंत? यादीत ओट्स असतात, किनोआ असतो, ॲव्होकाडो असतो. थालीपीठ शोधावं लागतं, आणि मिसळ सापडली तरी तर्री किती वाट्या घेतली हे विचारायची त्याला अक्कल नसते. खरी पंचाईत निरोपसमारंभांची होते. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांना शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख चिकटवली. त्यामुळे ३१ मे या एका दिवशी विद्यापीठातले इतके जण निवृत्त होतात की दुपारी तीनपासून विभागाविभागांत निरोपसमारंभांची रांग लागते. प्रत्येक ठिकाणी तीच कागदी बशी: एक समोसा, एक पेढा, मूठभर वेफर्स. निवृत्त होणाऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून प्रत्येक ठिकाणी बशी संपवायची. संध्याकाळी ॲपमध्ये ‘समोसा’ लिहिल्यावर ते विचारतं, ‘किती?’ खरा आकडा लिहिला तर विचारतं, ‘नक्की?’ आणि आग्रहाने वाढलेल्या पेढ्याची नोंद करायला त्यात सोयच नाही. मराठी माणसाने स्वतःहून खाल्लेलं आणि ‘नको नको’ म्हणत असताना तोंडात कोंबलेलं यांचे उष्मांक सारखेच धरणं हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, नैतिकदृष्ट्या नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण मग कुणीतरी क्रमवारी लावायची टूम काढली. दर महिन्याला सर्वाधिक पावलांच्या पहिल्या दहा जणांची नावं मुख्य इमारतीच्या फलकावर. आणि जिथे गुणवत्ता यादी आली, तिथे विद्यापीठाच्या माणसाला मार्ग शोधून काढायला शिकवावं लागत नाही. त्याची हयात तेच मार्ग बंद करण्यात गेलेली असते. मोबाईलमध्ये एक बारीक संवेदक असतो, तो तिन्ही दिशांचे हिसके मोजतो. ठरावीक लयीत हिसके आले की त्याला वाटतं माणूस चालतोय. माणूस आहे की नाही हे त्याला कळत नाही. चीनमध्ये तर मोबाईलला झोके देणारे छोटे पाळणे चक्क विकायला आले. फोन झोके घेतो, पावलं वाढतात आणि मालक निवांत झोपतो. आमच्याकडे बाहेरून काही विकत घ्यायचं तर तीन दरपत्रकं मागवावी लागतात, म्हणून स्थानिक प्रतिभेवर भागलं. भौतिकशास्त्राच्या एका सरांनी प्रयोगशाळेतल्या लंबकाला फोन लावला. संख्याशास्त्राच्या सरांनी कुत्र्याच्या पट्ट्याला लावला आणि वर सांगितलं की चार पायांचा हिशेब आपण दोनने भागून प्रामाणिकपणे भरतो. ग्रंथालयातल्या एका मॅडमनी नातवाच्या पाळण्यात ठेवला. नातू रडला की त्यांचा क्रमांक वर जायचा. या धामधुमीत शारीरिक शिक्षण विभागाचे संचालक शेवटून तिसरे आले. ते शिट्टी घेऊन खुर्चीत बसतात, धावतात विद्यार्थी.

पहिल्या महिन्याच्या यादीत वरचे चारही क्रमांक अधिकाऱ्यांनी पटकावले. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं. मग अंतर्गत लेखापरीक्षकाने, ज्याला कोणाचाच आनंद बघवत नाही, आकडे शेजारी शेजारी मांडले. चौघांचीही पावलं रोज जवळपास सारखी: १४,३१२, १४,३०९, १४,३१२, १४,३१०. त्याने ॲपमधला नकाशा उघडला. चौघे साहेब रोज सकाळी आवक-जावक विभागातून निघत, तिथून बँकेत, तिथून झेरॉक्सच्या दुकानात, पुन्हा आवक-जावकला, मग परीक्षा भवनाच्या तिसऱ्या मजल्यावर, मग पानाच्या टपरीवर. त्यातल्या एका सकाळी त्याच वेळी हे चौघेही व्यवस्थापन परिषदेत कुलगुरूंच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेले होते, याची इतिवृत्तात सहीनिशी नोंद आहे. आक्षेप निघाला: ‘अधिकारी एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असल्याचे दिसते, खुलासा व्हावा.’

खुलासा म्हणजे आमचे मामा. विद्यापीठात शिपायाला मामा म्हणतात आणि स्वच्छतेचं काम करणाऱ्या बाईंना मावशी. हे नातं ज्याने लावलं त्याला माहीत असावं की आईकडच्या माणसांना हक्काने कामं सांगता येतात. मामांच्या खाकी शर्टाच्या दोन खिशांत दोन आणि पँटच्या दोन खिशांत दोन असे चार साहेबांचे चार फोन रोज विद्यापीठभर हिंडत होते. मी विचारलं, ‘‘मामा, एवढे फोन वागवायचे म्हणजे त्रास होत असेल.’’

‘‘त्रास कसला वो? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहिलेत आम्ही. हे काय, चार वेलदोडे खिशात.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘वरच्या मजल्याचं जादा धरतं का ते?’’

‘‘तुमच्या साहेबांच्या फोनमध्ये नाही धरत.’’

‘‘मग कसलं मोजतंय!’’

मामांचं स्वतःचं नाव यादीत पहिलं असायला हवं होतं. ते कुठेच नव्हतं. मामांचा फोन बटणांचा आहे हे एक कारण. ते सोडवता आलं असतं. दुसरं कारण पक्कं होतं: ॲपमध्ये शिरायला कर्मचारी कोड लागतो आणि मामांना तो नाही, कारण मामा कंत्राटी आहेत. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, मामांच्या गणवेशाचा रंग बदलतो. मामा आणि मामांचा पगार तोच राहतो. विद्यापीठातला सर्वांत जास्त चालणारा माणूस विद्यापीठाच्या हिशेबी एक पाऊलही चाललेला नाही. त्याची पावलं चार जणांत वाटून त्यांचा सत्कार झाला.

एकाने चालायचं आणि दुसऱ्याने बसायचं, या प्रकारावर संशोधन व्हायला हवं असं कुणाला वाटेल, तर ते सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास केला आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. बस तीच, रस्ता तोच, धूर तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करत. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. तसंच टपाल खात्यात: पत्रं वाटत हिंडणाऱ्या पोस्टमनपेक्षा खुर्चीवरच्या कारकुनांना धोका जास्त. पुढे मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशांची मापंसुद्धा काढून पाहिली. ड्रायव्हरांच्या विजारी कंबरेत रुंद निघाल्या. आमच्याकडे साहेबांना गणवेश नाही म्हणून हा पुरावा अजून उपलब्ध झालेला नाही. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

लंडनच्या त्या बसमध्ये आणि आमच्या विद्यापीठात एकच फरक आहे. बसमध्ये घंटी चालणाऱ्याच्या हातात असायची. तो ती वाजवायचा आणि बसलेला कामाला लागायचा. विद्यापीठात घंटी बसलेल्याच्या टेबलावर असते. तो ती वाजवतो आणि चालणारा पळत येतो. पाणी दोन हातांवर, मामा दोन खोल्यांपलीकडे. घंटी वाजते, मामा येतात, पाणी देतात. पंख्याचा वेग एकने कमी करायला घंटी. ‘‘बघा हो, शेजारच्या खोलीत कुलकर्णी बसलेत का?’’ हे विचारायला घंटी. मामांच्या हृदयाबद्दल मॉरिस निर्धास्त राहिले असते. गुडघ्यांबद्दल काय म्हणाले असते कोण जाणे, कारण लंडनच्या कंडक्टरच्या डोक्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नसत, आणि आमच्या लिफ्टवर ‘फक्त अधिकाऱ्यांसाठी’ अशी पाटी आहे.

साहेब पूर्वी अगदीच चालत नव्हते असंही नाही. अडकलेल्या फाईलचा माग काढायला त्यांना उठावं लागे. फाईल आस्थापनेतून निघालीय, वित्त विभागात पोचली नाही, मध्ये कुठेतरी कपाटावर विसावलीय. मग जातीने जाऊन, दोन टेबलांवर चहा घेऊन, मुलांच्या लग्नाची चौकशी करून ती हलवावी लागे. त्यात दीड-दोन हजार पावलं सहज होत. मग ई-ऑफिस आलं. फाईल आता बसल्या जागी बटण दाबून जाते आणि बसल्या जागी बटण दाबून परत येते. हजेरीपटावर सही करायला मुख्य इमारतीत जावं लागायचं, तेही गेलं. मोबाईलला तोंड दाखवलं की हजेरी लागते. म्हणजे एका ॲपने माणसाची पावलं काढून घेतली आणि ती भरून द्यायला दुसरं ॲप आलं. दोन्हींचं उद्घाटन एकाच सभागृहात, एकाच पाहुण्यांच्या हस्ते झालं, आणि दोन्ही वेळा पाहुण्यांनी ‘गतिमान प्रशासन’ यावरच भाषण केलं.

कुणी म्हणेल, तुम्हाला प्रत्येक नव्या गोष्टीत खोट दिसते. तसं नाही. पावलं मोजल्याने माणूस चालतो, हे खरं आहे. २००७ साली अशा २६ अभ्यासांचा एकत्र आढावा अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला होता. कमरेला मोजणी-यंत्र लावलेली आणि काही एक लक्ष्य ठरवलेली माणसं दिवसाला दोन-अडीच हजार पावलं जास्त चालली. आमच्याच परीक्षा विभागातल्या एका मॅडम आता कँटीनला पायी जातात, आणि त्यांना सोबत हवी म्हणून आणखी तिघी. पण हे आपण होऊन चालणाऱ्याचं झालं. संस्थेने योजना आखून सगळ्यांना निरोगी करायचं म्हटलं की काय होतं, हेही एका विद्यापीठानेच करून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६मध्ये आपल्या जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला आरोग्य तपासणी, व्यायामाचे उपक्रम आणि वर रोख बक्षिसं. दुसऱ्याला काही नाही. २०१९मध्ये निष्कर्ष छापून आले. दवाखान्याचा खर्च, व्यायामशाळेत जाणं, यांत दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक पडलेला नव्हता. एक गोष्ट मात्र ठळक दिसली: योजनेत हौसेने भाग घेणारे मुळातच अधिक निरोगी होते. आमच्याकडे हा प्रयोग झाला असता तर चिठ्ठ्या टाकण्याआधीच बक्षिसाच्या गटात घ्या म्हणून चार आमदारांची पत्रं आली असती, आणि निष्कर्ष सकारात्मक निघाला असता.

कारण आमच्याकडे निष्कर्ष आधी ठरतो. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची होती. तिला सातव्या निकषाखाली विद्यापीठाच्या दोन उत्तम प्रथा दाखवायच्या होत्या, आणि फोटो नुसता चालत नव्हता. त्यावर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ उमटलेली लागत होती. त्यासाठी एका सकाळी ‘आरोग्यासाठी चाला’ असा फलक घेऊन सगळे अधिकारी, प्राध्यापक, कर्मचारी मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर जमले. फलक सरळ धरायला मामा. छायाचित्रकाराने सांगितलं, ‘‘एक पाय पुढे ठेवा, चालताय असं दिसू दे. आता हलू नका.’’ कुणीही हललं नाही. अक्षांश-रेखांश उत्तम आले. फोटो झाल्यावर दोनशे पावलांवर अल्पोपाहार होता. तिकडे जायला गाड्या तयार होत्या.

मला आता कुलगुरूंना आणि कुलसचिवांना विनंती करायची आहे, आणि ती एका परिपत्रकात मावेल इतकी लहान आहे. ॲप राहू द्या. ज्याला मोजायची हौस आहे तो मोजेल, आणि त्याला फायदाही होईल. फलकावरची क्रमवारी काढून टाका, म्हणजे लंबक प्रयोगशाळेत परत जाईल. लिफ्टवरची पाटी उलटी करा: गठ्ठा असेल त्याने लिफ्टने जावं, फोन असेल त्याने जिन्याने. मामांना आणि मावशींना कोड द्या, आणि कोडच्या मागोमाग जे जे मिळतं, रजा, वैद्यकीय खर्चाची भरपाई, वेळेवर पगार, तेही द्या. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची योजना म्हणतात ती यालाच. आणि आजच्या आज सगळ्या साहेबांच्या टेबलांवरच्या घंट्या जमा करून जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखित करा. पाणी प्यायला उठलं, कुलकर्णी बसलेत का हे स्वतः जाऊन पाहिलं, झेरॉक्स स्वतः आणली, तरी संध्याकाळपर्यंत ४,४०० पावलं सहज होतात. त्याला ॲप लागत नाही, समिती लागत नाही, आणि निधीची तरतूद तर अजिबात लागत नाही.